गांडुळांचा मुकादम

माझा धाकटा भाऊ गांडुळांचा मुकादम आहे. म्हणजे होता. आमच्या नर्सरीत गांडूळखताच्या सहा टाक्या तो सांभाळायचा. मीच त्याला तिथं चिकटवला. मी तिथं अठरा वर्षं रोपांच्या पिशव्या भरते, आणि मालकीणबाई माझं ऐकतात, कारण ऐकेपर्यंत मी बोलत राहते. त्याआधी ह्यानं चार नोकऱ्या सोडल्या होत्या. कुणी वरच्या आवाजात बोललं की ह्याच्या हातापायांतलं बळच जायचं. इथं मात्र जमलं. "ताई, लाखभर माणसं हाताखाली आहेत, आणि एकही ओरडत नाही," म्हणायचा. माणसं म्हणायचा हो गांडुळांना! बायकोनं चार हाका मारल्या तरी ओ देईल तर शपथ, पण टाकीवरचं गोणपाट सुकलंय म्हटलं की भरल्या ताटावरून उठायचा.

मग परदेशी शोभेच्या कुंड्या आल्या, आणि त्यांच्या मातीतून एक पाहुणा आला. वीतभर लांब, फितीसारखा चपटा, पाठीवर काळ्या रेघा, डोकं उलथन्याच्या पात्यासारखं पसरट. तो गांडुळाला विळखा घालायचा, पोटाच्या मध्यावर असलेल्या तोंडातून नळी बाहेर काढायचा आणि त्याला बाहेरच्या बाहेर विरघळवून पिऊन टाकायचा. चावायचेसुद्धा कष्ट नाहीत. असले दोन जावई आमच्याही घरात आहेत, पण ते निदान चहा तरी मागतात.

भाऊ कासावीस होऊन माझ्याकडे आला. "ताई, मला ठेचवत नाही गं. काय करू?"

"मग ठेचू नकोस. कात्री घे, दोन तुकडे कर आणि टाक तिथंच. खत होईल त्याचं. एवढंही डोकं चालत नाही का तुझं?" मी म्हटलं. माझ्याकडे सल्ल्यांचा कधी तुटवडा नसतो.

तो शिस्तीचा माणूस. रोज सकाळी कात्री घेऊन बसायचा आणि अगदी सारखे तुकडे करायचा. दर आठवड्याला पाहुणे वाढत गेले, गांडुळं घटत गेली. "तुझा हात हलका पडतोय, बारीक काप!" मी झापलं. बिचारा बारीक कापायला लागला. दोन महिन्यांत चार टाक्यांत औषधाला गांडूळ उरलं नाही. पाचोळा नुसता कुजून वास मारायला लागला. मालकीणबाईंनी सांगून टाकलं, महिनाअखेरपर्यंत सुधारणा दिसली नाही तर टाक्या बुजवायच्या आणि ह्याला फाटकावर बसवायचं. फाटकावर म्हणजे दिवसभर ट्रकवाल्यांशी हुज्जत. भावाच्या घशाखाली घास उतरेना.

शेवटी आमच्याकडं खत न्यायला येणाऱ्या, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना मी टाकीपाशी नेलं. मालकीणबाईही मागोमाग आल्या. बाईंनी कात्री पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"अहो, हा चपटा कृमी आहे. ह्याचे तुकडे केलेत की तुकड्या-तुकड्याचा नवा कृमी होतो. पंधरा दिवसांत नवं डोकं फुटतं त्याला! चिमट्यानं उचलून मिठाच्या पाण्यात टाकायचा, संपलं. कापायचं कुणाच्या डोक्यातून निघालं?"

मालकीणबाई भावाकडं वळल्या. आवाज चढला. "बोल की! कुणी सांगितलं तुला?"

मी शेजारीच उभी होते. सगळी नर्सरी जिच्या तोंडाला भिते ती मी, खाली मान घालून मातीकडं बघत राहिले.

"कुणी नाही," भाऊ म्हणाला. "माझंच डोकं."

मालकीणबाईंनी महिनाअखेरची वाटही न बघता टाक्या त्याच आठवड्यात बुजवल्या. आता तो फाटकावर असतो. ट्रकवाले हॉर्न वाजवतात, आईबापावरून शिव्या घालतात, तो मान खाली घालून फाटक उघडतो. मला लाज वाटते. दुपारी डबा घेऊन त्याच्याकडं जाताना मी रोज ठरवते, आज मालकीणबाईंना खरं काय ते सांगून टाकायचं. त्यालाही तसं म्हणते.

"ताई, आधी जेव," तो म्हणतो.

आणि मी जेवते.