तांदळातला कॅमेरा

शेजारचे काका पूर्वी बोटीवर होते. तेव्हा घेतलेला रोलचा छोटा कॅमेरा ते फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवतात. रत्नागिरीच्या दमट हवेत भिंगावर बुरशी येते म्हणून. दर रविवारी तो बाहेर निघायचा. जुन्या धोतराच्या तुकड्याने पुसून काका तो आमच्या पडवीत घेऊन यायचे.

“वहिनी, बसा बघू. हलू नका हां.”

आई केस सारखे करून खुर्चीत ताठ बसायची. काका बटण दाबायचे, आतली मोटर कान देऊन ऐकायचे आणि समाधानाने मान डोलवायचे. कॅमेऱ्यात रोल कित्येक वर्षं नाही. “यंत्र वापरलं नाय की अडकतं,” एवढंच ते मला म्हणाले होते.

रोल नसल्याचं मी आईला सांगितलं. “ठाऊक हाय मला,” ती म्हणाली आणि पुढच्या रविवारी तिने पुन्हा केस सारखे केले.

गुडघ्यांमुळे आई आता मुंबईला दादाकडेच राहते. ती गेल्यावरच्या पहिल्या रविवारीही काका आले. कॅमेरा डोळ्याला लावून रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिले, मग त्यांनी तो खाली घेतला.

“दाबा की काका, नाहीतर अडकेल.”

“नको रे,” ते म्हणाले. “माणूस नाय, तर फोटो कशाला फुकट घालवायचा?”