आठव्याआधी नववा

बाइंडरला एकच अभिमान होता: त्याने बांधलेलं पुस्तक पुन्हा त्याच्याकडे येत नाही. वाचणाऱ्याचे केस पिकतील, पण शिवण ढिली पडणार नाही, असं तो छातीठोकपणे सांगे. छत्तीस वर्षं एकाच दुकानात, एकाच स्टुलावर बसून त्याने हे काम केलं. स्टूल तीनदा बदललं, असं त्याची बायको म्हणते, पण त्याच्या प्रत्येक बोलण्यात दुरुस्ती करायची तिला सवयच आहे.

म्हणून मंगळवारी सकाळी दिवासर हिरव्या कापडाचं एक पुस्तक घेऊन आले, तेव्हा त्याच्या कपाळावर आठी चढली. कापड ओळखीचं होतं. हे त्याच्याच हातचं काम, धंद्याच्या अगदी पहिल्या वर्षातलं.

दिवासर हे काही आडनाव नव्हे. सरांनी जन्मभर कॉलेजात एक जुनी, नावाजलेली कादंबरी शिकवली आणि तिच्यातला एक दिवा शिकवला, म्हणून पोरांनी ठेवलेलं ते नाव. कादंबरी बाजारातून कधीच नाहीशी झाली होती. कॉलेजच्या लायब्ररीत ही एकच प्रत, आणि वर्गात वाटल्या जायच्या त्या हिच्याच झेरॉक्स. लायब्ररीने ती रद्दीत काढली, तेव्हा सरांनी मागून घेतली होती.

"शनिवारी जुन्या विद्यार्थ्यांनी व्याख्यान ठेवलंय," सर म्हणाले. "शेवटचंच समजा. पण हे हातात धरलं की पानं गळतात."

मग कुणी न विचारताच त्यांनी गोष्ट सांगितली. नायिका रोज संध्याकाळी खिडकीत दिवा ठेवून नायकाची वाट बघते. एके दिवशी ती फुंकर मारून दिवा विझवते. त्यानंतर नायक गल्लीत येतो, आणि त्याला खिडकीत दिवा जळताना दिसतो.

"विझवलेला दिवा जळताना दिसतो, लक्षात घ्या," सरांनी बोट वर केलं. "म्हणजे तो खिडकीत नाहीच. त्याच्या मनात आहे. भास आहे. आणि हा माणूस भास ओळखतो, दार न वाजवता मागे फिरतो आणि पुढे झुरून मरतो. त्या जागी वाक्यसुद्धा मधेच तुटतं. मन तुटल्याची खूण आहे ती."

बाइंडरने मान हलवली. त्याला मनाचं फारसं कळत नव्हतं, पण वाक्य मधेच तुटतं म्हटल्यावर त्याने पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"मीसुद्धा एकदा असाच मागे फिरलो," सर पुस्तकावर हात ठेवून म्हणाले. "लायब्ररीतल्या बाईंच्या दारातून. त्यांच्याही खिडकीत उजेड होता. पण प्रत्येक उजेड आपल्यासाठी नसतो, हे या पुस्तकाने समजावलं."

त्या बाई पुढे लग्न करून दूरच्या गावी गेल्या आणि सर एकटे राहिले, हे सगळ्यांना ठाऊक होतं. का राहिले, ते मात्र बाइंडरला आज कळलं.

दुपारी त्याने टाके उसवले. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापून त्याची घडी घालतात, त्या घडीला फर्मा म्हणतात. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर, शिवणीत झाकली जाईल अशी, एक काळी खूण छापलेली असते, आदल्या फर्म्याच्या खुणेपेक्षा जरा खाली. फर्मे नीट लावले की खुणांचा जिना दिसतो. या जिन्याची एक पायरी चुकली होती. सातव्यानंतर नववा होता आणि मग आठवा. पानांचे आकडे असते तर कुणाच्याही ध्यानात आलं असतं, पण ओल लागलेल्या कडा कापताना त्यानेच ते उडवले होते.

त्याने आठवा फर्मा आधी ठेवून वाचलं. दिवा जळतोय. नायक येतो, बराच वेळ उभा राहतो, पाय उचलत नाही. 'तो पाठ फिरवून चालू लागला, हे' इथे आठवा संपत होता. 'पडद्याआडून तिने पाहिलं, आणि दिवा विझवला,' असा नववा सुरू होत होता. वाक्य कुठेच तुटलं नव्हतं. भास नव्हता. दिवा खराच होता, ती वाट बघत होती, आणि नायक भ्याला होता, बस्स.

बाइंडरने दोन्ही फर्मे खाली ठेवले. ते पुस्तक बांधताना आपलं लक्ष कुठे होतं, तेही त्याला पक्कं आठवत होतं. समोरच्या गच्चीवर एक मुलगी कपडे वाळत घालायला येई. तीच मुलगी आता डबा घेऊन दारात उभी होती.

त्याने तिला सगळं सांगितलं. "माझ्या चुकीपायी एका माणसाचा संसार झाला नाही. आणि त्याच वेळी माझा झाला, तुझ्याकडे बघत बसलो म्हणून."

"मी कपडे वाळत घालत होते," ती म्हणाली. "माझ्यावर ढकलू नका."

"सांगू का त्यांना?"

"सांगून टाका." डबा उघडेपर्यंत तिचं मत फिरलं. "नका सांगू. या वयात काय करतील ते ऐकून?" आणि जेवण होता होता, "पण शनिवारी तेच चारचौघांत बोलायला लावायचं, तेही बरं नाही."

इकडे आड, तिकडे विहीर. बुधवारी त्याने फर्मे नीट लावले. संध्याकाळी पुन्हा चुकीचे लावले. गुरुवारी सुईत दोरा ओवला आणि ओवलेला काढून ठेवला. कोणतं पुस्तक खरं, लेखकाने लिहिलेलं की इतकी वर्षं वर्गात वाचलेलं? नायक धीराचा की भित्रा? बिचाऱ्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. छत्तीस वर्षांत त्याने हजारो पुस्तकं बांधली होती, पण एखादं पुस्तक असं त्याच्या मानगुटीवर बसलं नव्हतं.

शुक्रवारी सर आले. फर्मे टेबलावर सुटेच पडले होते. बाइंडरने पाठीवरचा जिना दाखवला, चुकलेली पायरी दाखवली, आणि खाली बघत म्हणाला, "चूक माझी आहे, सर. तुम्ही बाईंच्या दारातून मागे फिरलात, ते माझ्यामुळे."

सरांनी चष्मा लावून आठवा फर्मा वाचला. मग नववा. मग पुन्हा आठवा.

"हे तुम्ही कोणत्या वर्षी बांधलंत?" त्यांनी विचारलं.

बाइंडरने वर्ष सांगितलं. "माझं लग्न ठरलं ना, त्याच वर्षी."

"बाईंचं लग्न त्याच्या आदल्या वर्षी झालं." सरांनी चष्मा काढला. "मी मागे फिरलो ते त्याच्याही आधी. तेव्हा हे पुस्तक मी उघडलंही नव्हतं."

बाइंडरला काही उमगेना. सुटल्याचा आनंद मानावा, की सरांसाठी वाईट वाटून घ्यावं?

"दिवा होता हो त्यांच्या खिडकीत," सर म्हणाले. "खरा होता. मी घाबरलो. आणि मग तुमचं हे पुस्तक वाचलं, तर त्यात भ्यालेला माणूस शहाणा ठरलेला. मला फार बरं वाटलं. तुटलेलं वाक्य पहिल्याच वाचनात खटकलं होतं मला. मी खटकू दिलं नाही."

"मग आता कसं बांधू?" बाइंडरने हळूच विचारलं. "तुम्ही म्हणाल तसं. उद्या व्याख्यान आहे तुमचं."

आठवा फर्मा सरांनी दोन्ही हातांत धरला होता. तो कुठे ठेवावा हे ठरत नसल्यासारखे ते हात एकदा नवव्याच्या खाली गेले आणि परत आले. मग त्यांनी तो नवव्याच्या आधी ठेवला आणि कडा बोटांनी सारख्या केल्या.

"शिवा," ते स्टूल ओढून बसत म्हणाले. "पण आत्ता शिवा, माझ्यासमोर. घरी गेलो तर माझं मत फिरेल."