बॅकअप घेतो, पण तो परत आणता येतो का?

मित्रांनो, आज सकाळी आमच्या नाशिकच्या गटात माझीच परीक्षा झाली.

पोस्टग्रेस हा सगळ्यांसाठी खुला, मोफत डेटाबेस शिकवायला आम्ही आठ-दहा जण मिळून अभ्यासक्रम तयार करतोय. प्रत्येक कौशल्यापुढे शिकवणाऱ्याचं नाव लिहायचं. ‘बॅकअपमधून डेटा परत आणणे’ यापुढे मी बिनधास्त माझं नाव लिहिलं.

दिंडोरीच्या मनीषाताई निर्यातीची द्राक्षं पेट्यांत भरणाऱ्या पॅकहाउसमध्ये औषध फवारणीच्या नोंदी सांभाळतात. त्यांनी विचारलं, “दादा, तुम्ही डेटा शेवटचा कधी परत आणला होता?”

आमच्या वाचनालयातल्या पुस्तकांच्या यादीचा बॅकअप मी कित्येक वर्षं रोज घेतोय, देवापुढे दिवा लावावा तसा. परत आणायची वेळच आली नव्हती.

“आमच्या नोंदी गेल्या तर कुठलं औषध कधी मारलं ते दाखवता येणार नाय, अन् शेतकऱ्यांचा माल परदेशी जायचा नाय,” त्या म्हणाल्या. “आत्ताच करून दाखवा ना.”

मी दुसऱ्या लॅपटॉपवर करून पाहिलं. जमलं नाही. सिन्नरचे भाऊसाहेब हसले, “माउली, श्रद्धा देवावर ठेवा, बॅकअपवर नको!”

शेवटी स्क्रीनवरचा संदेश मनीषाताईंनीच नीट वाचला. वाचनालयातल्या मशीनवरच्या पोस्टग्रेसमधलं वापरकर्त्याचं खातं या लॅपटॉपवर नव्हतंच. त्यांनी ते तयार करून डेटा पुन्हा आणल्यावर यादीतली सगळी पुस्तकं दिसू लागली.

मी माझं नाव खोडून त्यांचं लिहिलं. “अहो, मी आज पहिल्यांदाच केलं!” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “माझं तर तेवढंही झालं नव्हतं.”

तुम्हाला काय वाटतं, एखादी गोष्ट ‘मला येते’ असं माणसानं कधी म्हणावं?