खिडक्यांची हँडलं आणि आमचे आप्पा

आमच्या खिडक्यांची हँडलं मी बदलली आणि चौथ्या दिवशी माझे सासरे परत आले. त्यांना जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.

(वाचकांनी घाबरू नये. सगळ्यांच्या वाटणीचं मी घाबरून ठेवलेलं आहे.)

आम्ही नायगावला खाडीच्या बाजूच्या एका नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहतो. टॉवर नवा, त्यामुळे अर्धाअधिक रिकामा. आमच्या मजल्यावर चार दारं, त्यातली तीन कुलूपबंद. कधीकधी लिफ्ट आपली आपण वर येते, दार उघडतं, आत कोणी नसतं, दार बंद होतं. याची सवय होते. खिडकीतून मिठागरं दिसतात, पलीकडे खाडी. थंडीच्या दिवसांत भर दुपारीसुद्धा तिच्यावर धुरकट पडदा असतो आणि ओहोटीला चिखलाचा वास वर चढून घरात येतो. फ्लॅटच्या जाहिरातीत याला 'निसर्गाच्या कुशीत' असं म्हटलं होतं.

त्या निसर्गाने बिल्डरची पांढरी हँडलं तीन वर्षांत खाऊन टाकली. एका सकाळी माझी बायको मंगल हॉलची खिडकी उघडायला गेली आणि हँडल हातात घेऊनच स्वयंपाकघरात आली.

"हे घ्या. आता माणूस बोलवा."

"माणूस कशाला? मी काय मेलोय?"

हे वाक्य मी त्या आठवड्यात बोलायला नको होतं, हे मला नंतर कळलं.

माझ्या या उत्साहामागे एक जुनं दुखणं होतं. माझे सासरे, आप्पा, जन्मभर फिटर होते. आचोळ्याला त्यांच्या घरात एकही दार कुरकुरायचं नाही. माझ्याबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं होतं आणि ते त्यांनी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला सर्वांदेखत सांगितलं होतं : "जावई सोन्यासारखा आहे, फक्त त्याच्या हातात पाना देऊ नका." आप्पा गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. सात महिने त्या खोलीत बसून होत्या. जेवायला बोलावलं की जेवायच्या, विचारलं की 'हो' किंवा 'नको' म्हणायच्या, बाकी शब्द नाही. मंगल आईकडे बघून पदराने डोळे पुसायची. अशा घरात निदान खिडक्या तरी धड असाव्यात, असं मला मनापासून वाटलं.

हार्डवेअरच्या दुकानदाराने माझ्यापुढे बावीस प्रकारची हँडलं मांडली आणि विचारलं, "जुनं आणलंय?"

"फोटो आहे."

"दांडा किती एमएमचा?"

"मध्यम."

"डावं पाहिजे की उजवं?"

"दोन्ही दाखवा."

त्याने माझ्याकडे डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकाकडे बघतो तसं बघितलं. मंगलने साधी, हलकी, पांढरी हँडलं बाजूला काढली होती. पण मला कोपऱ्यात पितळी दिसली. जाडजूड, टोकाला वळण दिलेली, हातात घेतली की मनगट खाली जाईल अशी. "हँडल धरलं की काहीतरी धरलं असं वाटलं पाहिजे," मी म्हणालो. मंगल काही बोलली नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने काही न बोलण्याचे अनेक प्रकार विकसित केले आहेत. हा सातवा.

रविवारी मी तीन खिडक्यांना हँडलं बसवली : हॉल, आमची खोली, सासूबाईंची खोली. साडेपाच तास लागले. शेवटी मंगलने लांबून बघितलं.

"उलटी वाटतायत हो. आधीची बंद केल्यावर खाली असायची. ही वर आहेत."

"डिझाइन आहे ते! सलामी दिल्यासारखी दिसतात बघ."

खरोखरच दिसत होती. तीन पितळी शिपाई, हात वर करून उभे.

गुरुवारी मी घरूनच ऑफिसचं काम करत होतो. मंगल शाळेत, मुलगी कस्तुरी नोकरीवर. घरात मी आणि आपल्या खोलीत सासूबाई. बाहेर वारा नावापुरता, खाडीवर धुरकं. सव्वातीनच्या सुमाराला हॉलमध्ये आवाज झाला : टक.

मी मान वर केली. खिडकीचं हँडल आडवं झालं होतं. बघता बघता खिडकी अगदी सावकाश, एखाद्याने दोन बोटांनी ढकलावी तशी, बाहेर उघडली आणि पडदा पोटात वारा भरून घेऊन फुगला.

मी तिथेच बसून राहिलो. एवढ्यात आमच्या खोलीतून आवाज आला. टक. आणि थोड्या वेळाने, एखादं म्हातारं माणूस एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चालत जायला जेवढा वेळ घेईल तेवढ्या वेळाने, सासूबाईंच्या खोलीतून. टक.

घरात चिखलाचा वास भरला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, उघड्या खिडकीकडे बघितलं आणि सात महिन्यांत पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं.

"आले वाटतं."

तेव्हा मला आठवलं. आप्पा रोज दुपारची झोप काढून सव्वातीनला उठायचे आणि घरभर फिरून एकेक खिडकी उघडायचे. "हवा खेळू द्या!" असं म्हणत. पहिली हॉलची, मग आतली, मग शेवटची.

"वारा असेल, आई," मी म्हणालो.

"हँडल वारा फिरवतो?" त्यांनी शांतपणे विचारलं आणि आत निघून गेल्या.

शुक्रवारीही तेच. सव्वातीन. टक, टक, टक. पण या वेळी सासूबाई तयार होत्या. त्यांनी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं, केस विंचरले होते आणि दोन कप चहा केला होता. एक आपल्यापुढे, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. (हेरगिरी नव्हे. पाय हलत नव्हते.)

"थांबा," त्या खुर्चीला समजावत होत्या. "थोडं थांबा की. काय घाई आहे? कस्तुरीचं अजून जमायचंय..." मग बराच वेळ त्या बोलत राहिल्या. आवाज मऊ, हात जोडलेले. समोर पडदा हलत होता आणि कपातल्या चहावर साय धरत होती.

रात्री जेवताना त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि कालवणात मीठ कमी असल्याचं सांगितलं! मंगल माझा हात धरून आत घेऊन गेली. तिचे डोळे वाहत होते.

"ऐकलंत? आई बोलायला लागली. तुम्हीच ऐकलंत ना, आप्पांना 'थांबा' म्हणते. तिला सोबत झालीय हो."

"मंगल, भूतबित काही नसतं. मी उद्या हँडलांना नाडी बांधतो."

"आप्पांना नाडीने बांधणार तुम्ही?"

कस्तुरीने 'बाबा, सॉलिड क्रीपी आहे हे' असं म्हणून बिल्डिंगमधल्या तिच्या मैत्रिणीला सांगितलं. मैत्रिणीने आईला सांगितलं. शनिवारी सकाळी भाजीवाल्याने आमची भाजी लिफ्टमध्ये ठेवून, बटण दाबून, एकटीच वर पाठवली.

शनिवारी दुपारी मंगल आणि कस्तुरी बाजारात गेल्या. मी मात्र ठरवलं, आज डोळ्यांनी बघायचं. तीनलाच हॉलच्या खिडकीपुढे खुर्ची टाकून बसलो. शेजारच्या प्लॉटवर नव्या टॉवरचं ठोकाठोकीचं काम चालू होतं, पण नायगावात तो आवाज कानाला लागतच नाही. उलट थांबला तर माणसं दचकून उठतात. मी हँडलाकडे एकटक बघत होतो. वळणदार पितळी टोक वर. तीन-दहा. तीन-बारा.

मग ते हललं. माझ्या डोळ्यांदेखत. आधी जरासं थरथरलं, म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरतो तसं. मग तिरकं झालं. मग, कोणीतरी मुठीत धरून वळवल्यासारखं, हळूच आडवं. टक.

मी आयुष्यभर विवेकवादी आहे. सोसायटीच्या सभेत लिंबू-मिरचीविरुद्ध भाषण केलेलं आहे. तरीही मी खुर्चीतून उठून हात जोडले आणि भडाभडा बोलून गेलो, "आप्पा, माफ करा! तुमची ड्रिल मशीन चोरीला गेली नव्हती. माझ्याच हातून जळली. मी ती माळ्यावर, गणपतीच्या मखरामागे लपवलीय!"

खिडकी उघडली. पडदा माझ्या तोंडावर आला. मी पडदा झटकून बाजूला केला तेव्हा सासूबाई माझ्यापुढे होत्या. त्या थेट खिडकीपाशी गेल्या आणि बाहेर उघडलेलं दार धरायला कमरेतून वाकल्या. आमच्या टॉवरला बाहेरून जाळ्या लावू देत नाहीत, शोभा जाते म्हणून. अकरा मजले खाली मिठागराचा बांध पांढरा दिसत होता. त्यांचा एक पाय जमिनीवरून उचलला गेला.

त्या क्षणी भूत, आप्पा, ड्रिल मशीन, सगळं डोक्यातून गेलं. मी दोन्ही हातांनी त्यांची कंबर धरून मागे ओढलं. आम्ही दोघंही जमिनीवर बसलो.

"अहो प्रदीपराव, खिडकी लावत होते मी," त्या म्हणाल्या. "थंडी वाजते."

सोबत असो नाहीतर काही असो, मी त्याच दिवशी ठरवलं : या घरात आता एकही खिडकी आपली आपण उघडता कामा नये. सोमवारी रजा टाकली आणि जूचंद्रच्या हरेश्वर म्हात्र्यांना बोलावलं. खिडक्यादारांची कामं करणारा साठीचा माणूस. ते तीन वाजून गेल्यावर आले. हॉलच्या खिडकीपुढे उभे राहिले. चष्मा पुसला.

"साहेब, ही कोनी लावली?"

"माझ्या ओळखीचा एक जण आहे."

"त्याला परत घरात घेऊ नका."

मंगल शाळेतून लवकर आली होती. तिने छताकडे बघितलं. (प्रकार अकरावा.)

"बंद खिडकीचं हँडल खाली पायजे," हरेश्वरभाऊ म्हणाले. "ह्यांनी ठेवलाय वर. त्यात हा एवढा वजनाचा. जरा हादरा बसला की खालीच येनार ना? पन पुरतं खाली येत नाय, आडवं होऊन अडकतं. आडवं झालं की खिडकी सुटली. मग खाडीचा वारा फटीत शिरून ती उघडल्याशिवाय ऱ्हातो काय?"

"पण रोज सव्वातीनला? आणि ओळीने?"

त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. शेजारच्या प्लॉटवर जेवणाची सुट्टी संपली होती आणि पायाचे खांब ठोकणारं पायलिंगचं अगडबंब मशीन, गेल्या गुरुवारपासून रोज येत होतं तसं, डुलत डुलत आमच्या बाजूच्या कोपऱ्याकडे येत होतं. ते थांबलं. त्याने पहिला घाव घातला. धडाम! पायाखालची फरशी किंचित गुणगुणली. हँडल थरथरलं, तिरकं झालं, आडवं झालं. टक.

"जी खिडकी मशीनच्या जवळ, ती आधी सुटनार," हरेश्वरभाऊ म्हणाले आणि पाना काढायला पिशवीत हात घातला.

आतून दोन टक आले. मला हसावं की रडावं कळेना. मंगल मात्र पांढरीफटक झाली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आईला सांगू नका. तिला आप्पा परत मिळाले होते. ते तुम्ही पुन्हा..."

पण सासूबाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या सोफ्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. मी त्यांच्या पायाशी बसलो.

"आई, चुकलो मी. खरंच चुकलो."

त्यांनी पदर काढला. त्या हसत होत्या! डोळ्यांतून पाणी, पण हसू आवरत नव्हतं.

"म्हणजे ते आले नव्हते? खरंच नव्हते?"

"नाही, आई."

"अरे देवा! मला वाटलं न्यायला आलेत!"

"न्यायला?"

"मग काय! त्यांचा स्वभाव माहीत नाही का तुम्हाला? कुठं जायचं ठरलं की उभ्या उभ्या घाई. म्हटलं, चहा देऊन जरा थोपवावं. कस्तुरीचं लग्न होऊ दे म्हटलं. मी नीट जेवत होते, चांगलं नेसत होते, ते का? त्यांना दिसावं म्हणून, की हिची अजून तयारी नाही!"

मंगल आ वासून बघत होती. सासूबाईंनी तिचा हात धरून जवळ बसवलं. मग आवाज उतरला.

"सात महिने वाटत होतं, कधी एकदा त्यांच्याकडे जाते. आणि ते आले म्हटल्यावर माझी अशी गाळण उडाली गं! तेव्हा कळलं, मला अजून इथंच राहायचंय. आता मात्र ते यावेत असं वाटतंय. नुसतं बसायला." हरेश्वरभाऊ पाना हातात धरून थांबले होते.

मग सासूबाईंनी डोळे पुसले, आणि कालवणात आता मीठ जास्त पडतंय, असं मंगलला सांगितलं.

हरेश्वरभाऊंनी तिन्ही हँडलं पंधरा मिनिटांत सरळ करून दिली. संध्याकाळी मी सासूबाईंना खाली फिरायला घेऊन गेलो. सात महिन्यांत त्या प्रथमच घराबाहेर पडत होत्या. परत येताना खाली लिफ्टमध्ये शिरताना सातव्या मजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या परेराबाई भेटल्या. त्यांनी मला आधी कधी बघितलं नव्हतं, आमच्या घराची कीर्ती मात्र ऐकली होती. त्या सासूबाईंच्या कानाशी वाकून कुजबुजल्या, "आजी, तुमच्याकडे खिडक्या उघडायचं ते... शेवटी कोण निघालं?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हे आमचे जावई!"

परेराबाईंनी मला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं, छातीवर क्रूस काढला आणि तिसऱ्याच मजल्यावर उतरून जिन्याने निघून गेल्या.