मासा घरी यायच्या आधी

मी गंगाखेडला शाळेत विज्ञान शिकवते. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना वर्गात उभं करून "पुरावा दे" म्हणणारी बाई मीच. त्यामुळे हे लिहिताना लाजच वाटतेय... पण घडलं ते घडलं.

गेल्या हिवाळ्यात आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले आणि मायनं जेवण जवळपास सोडलंच. चहात बुडवलेलं बिस्कीट, बस्स. डॉक्टर म्हणाले, आवडीचं काहीतरी खाऊ घाला, नाहीतर अवघड आहे. तिची आवड एकच — अण्णांनी गळानं धरलेला नदीचा मासा. बाजारातला आणला तर ताट सरकवून म्हणायची, "बर्फाचा हाय."

मग म्हटलं, आपणच धरू. अण्णांनी मला कधी शिकवलं नव्हतं, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ बघितले. सगळे समुद्रकिनाऱ्यावरचे! लाटेच्या पलीकडे फेका म्हणे. परभणी जिल्ह्यात लाट कुठून आणू? आमच्याकडे गोदावरीची वाळू आणि संथ पाणी.

एका रविवारी "झेरॉक्स काढून येते" असं मायला सांगून अण्णांचा गळ पिशवीत घातला आणि निघाले. पहिल्यांदा फेकला तो माझ्याच ओढणीत अडकला. नंतर मासे कणकेच्या गोळ्या खाऊन पसार, गळ रिकामा. अगदी रडकुंडीला आले. ऊन उतरताना दोरी ताणली गेली — रोहू, जेमतेम वीतभर. आसपास चिटपाखरू नव्हतं आणि माझ्या तोंडून तर शब्दही फुटला नाही.

घरी आले तर माय पाट्यावर वाटण वाटत बसलेली. खोबरं, लसूण, सुक्या मिरच्या. अण्णा गेल्यापासून तिनं पाट्याला हात लावला नव्हता. मी हातानंच विचारलं, हे काय?

"त्येंनी हाक मारली न्हवं, वाटण घाल म्हून. हात लय दुखायलाय, तू घे जरा."

मासा लागला की अण्णा नदीकडून येतानाच खरंच तशी हाक द्यायचे. पण मायला कानातल्या मशीनशिवाय कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही... आणि मशीन तर टीव्हीजवळ पडलं होतं. शेजारच्या काकूंना विचारलं. त्यांनी कुणाचीच हाक ऐकली नव्हती.

त्या दिवशी माय दीड भाकर जेवली. मी मोरीत जाऊन पोटभर रडले.

उलगडा आजही झालेला नाही. आता रविवारी मी गळ घेऊन निघाले की माय दारात येऊन बसते आणि कानातलं मशीन काढून पदरात गुंडाळते.

"त्येच्यानं समद्यांचं ऐकू येतं," म्हणते, "त्येंचं तेवढं न्हाई."