बिनसाबणाची अंघोळ

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा चकलांब्याच्या मळ्यात मी वांगी तोडत होतो. हातातला वाफा तोडून संपवला आणि मगच निघालो. मेल्यावर माणूस लगेच थोर होतो, ही रीत मला जमत नाही. माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, हा नवरा मला कधीच आवडला नाही.

चौसाळ्याला त्यांच्या अंगणात एकच झाड होतं. नर्सरीवाल्यानं त्याचं नाव ‘काल-आज-उद्या’ असं सांगितलेलं. फूल पहिल्या दिवशी जांभळं, मग फिकट, तिसऱ्या दिवशी पांढरं. हे वांग्याच्या कुळातलं झाड, असं दाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत. मी म्हणायचो, मग वांगं कुठंय? शेळीसुद्धा तोंड लावत नव्हती त्याला. निवृत्त कारकुनानं असल्या ना खायच्या ना प्यायच्या झुडपापायी जन्म घालवावा... मला हसू यायचं. त्यात माणूस गबाळा. घामाचा वास असा, की पंगतीत मी हटकून दोन पानं सोडून बसायचो.

एका उन्हाळ्यात गावात टँकर चालू होता. अक्का घागरी घेऊन रांगेत उभी राहायची आणि झाडाखालची माती मात्र कायम ओली. माझं डोकं फिरलं. घर पाहुण्यांनी भरलेलं असताना मी दाजींना सुनावलं, "बायकोच्या डोक्यावरचं पाणी झुडपाला घालता, लाज कशी वाटत न्हाई तुमाला?" दाजींनी चहाची बशी खाली ठेवली. "चुकलं," एवढंच म्हणाले. मला वाटलं, चोरानं कबुली दिली. पुढं कैक वर्षं हा किस्सा मी चवीनं सांगत राहिलो.

तेरावा झाला आणि मी कुदळ घेऊन अंगणात गेलो. आता तरी घरातलं सगळं पाणी अक्काच्या वाट्याला येईल, असं मला वाटत होतं. अक्का झाडापुढं येऊन उभी राहिली.

"टँकरचा एक थेंब वेगळा घातला न्हाई त्यांनी ह्याला. रोज सकाळी त्या फरशीवर अंघोळ करायचे, तेच पाणी झाडाला जायचं. साबणानं पानं पिवळी पडत्यात म्हणून साबण लावला न्हाई कधी."

बुंध्याशी टाकलेली ती शहाबादी फरशी तोवर माझ्या लक्षातच आली नव्हती. "मग त्या दिशी बोलले कावून न्हाईत?"

"तू धाकला भाव माझा. पाहुण्यांत तुला खोटं पाडायचं व्हय?"

मूर्ख माणूस. एवढा मोठेपणा मागितला होता कुणी? तिथंच माझं तोंड बंद केलं असतं तर मी वर्षानुवर्षं गावभर बरळलो नसतो... आता माफी मागायला ते नाहीत, आणि मागायची मला सवयही नाही.

अक्का एकटी पडू नये म्हणून तीन आठवडे झाले, इथंच आहे. झाडाचं कौतुक मला आजही नाही. पण रोज सकाळी त्या फरशीवर बसतो आणि अक्काकडं साबण मागत नाही. काल गल्लीत वास्तुशांतीचं जेवण होतं. पंगतीत शेजारच्या गृहस्थानं एकदा माझ्याकडं पाहिलं, मग आपलं पान उचललं आणि दोन जागा सोडून पलीकडं जाऊन बसला.