आयरिश रेडिओवर मराठी

माझी गाडी गॅरेजमध्ये पडून होती, तेव्हाची ही गोष्ट. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या रंगाच्या कारखान्यात मी लॅब सांभाळते. तिथले मेंटेनन्स मॅनेजर आयरिश आहेत. पन्नाशी ओलांडलेले, मोजकं बोलणारे. ते मरीनाला राहतात आणि माझी बिल्डिंग त्यांच्या वाटेवर. "गाडी येईपर्यंत मी सोडत जाईन," ते म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी गाडी सुरू होताच त्यांनी फोनवरून रेडिओ लावला. एक बाई काहीतरी सांगत होती. तिचा 'ख' असा घशातून यायचा, की मला आधी ते अरबीच वाटलं.

"कुठली भाषा ही?" मी विचारलं.

"आमची. आयरिश."

मी ओशाळले. चार वर्षं यांच्याबरोबर काम करून मी धरून चालले होते, की आयरिश लोकांची भाषा म्हणजे इंग्रजी.

तिसऱ्या दिवशी बातम्या संपल्यावर ती बाई फार संथपणे वाचू लागली आणि त्यांनी आवाज वाढवला. "आज वारलेल्यांची नावं," ते म्हणाले. "कोण, कुठल्या गावचं, चर्चमध्ये किती वाजता."

"तुमच्या ओळखीचं कुणी आहे?"

"कुणीच नाही. मी डब्लिनचा. ही गावं पार पश्चिम किनाऱ्यावरची."

आजूबाजूला सिमेंटचे ट्रक, कामगारांच्या बसेस. त्यांच्यामध्ये अडकलेल्या आमच्या गाडीत कुठल्यातरी खडकाळ किनाऱ्यावरच्या माणसांची नावं एकेक करून येत होती.

सिग्नलपाशी तेच म्हणाले, "शाळेत ही भाषा सक्तीची होती. मला अजिबात आवडायची नाही. परीक्षा झाली, खलास. इथे आल्यावर एकदा सहज हे स्टेशन लावलं. दोन माणसं रस्त्यातल्या खड्ड्यांवरून तावातावाने भांडत होती. आयरिशमध्ये! मला वाटायचं, ती फक्त पुस्तकांत उरली आहे. आणि मला त्यातलं निम्मंच कळत होतं. तेव्हापासून रोज ऐकतो."

पुढच्या आठवड्यात एका कार्यक्रमात त्या बाईने परदेशातल्या श्रोत्यांना फोन करायला सांगितलं. त्यांनी पेट्रोल पंपाशेजारी गाडी थांबवली. नंबर लावला, कट केला, पुन्हा लावला. एरवी उकळता बॉयलरही शांतपणे तपासणारा हा माणूस!

स्पीकरवर लाइन लागली. ते दोन शब्द बोलायचे आणि अडायचे. तिसरा सापडेना. मला वाटलं, आता ती बाई इंग्रजीत बोलून सोडवेल त्यांना. तिने तसं केलं नाही. ती थांबून राहिली. एका माणसाला एक शब्द सापडावा म्हणून अख्खं रेडिओ स्टेशन गप्प होतं. मग त्यांना तो शब्द सापडला आणि ती आनंदाने काहीतरी म्हणाली.

जरा वेळाने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गाडीत आणखी कोण आहे, असं विचारते आहे. तुम्ही मराठी बोलता हे मी सांगितलं. ती म्हणते, बोलू दे की त्यांना. मराठीतच."

मी फोनकडे वाकले. "नमस्कार," मी म्हणाले. "मी पुण्याची. इथे फार ऊन आहे. मला तुमच्या भाषेतलं अक्षरही कळत नाही, पण रोज ऐकते. ऐकत राहावंसं वाटतं."

पलीकडे त्या बाईने सावकाश म्हणून पाहिलं, "न-मस्-कार." फोन ठेवून आम्ही निघालो, तर थोड्या वेळाने ती एक मेसेज वाचून दाखवू लागली. ते तोंडावर हात ठेवून हसले. "कुणीतरी म्हाताऱ्या बाई आहेत. लिहितात, त्या मुलीला सांगा, मलाही काही कळलं नाही, पण मी बटाटे सोलायचे थांबवून ऐकलं."

घरी येऊन लेकीला सांगितलं. "मम्मा, नो वे!" म्हणत तिने तो कार्यक्रम इंटरनेटवर शोधून काढला. माझं बोलणं आलं आणि गेलं. त्यानंतर एक म्हातारा गाऊ लागला. पेटी नाही, तबला नाही, नुसता गळा. सूर वळणं घेत घेत लांबत चालला होता. लेक उठून जाईल असं मला वाटलं होतं, पण ती फोन हातात धरून तशीच उभी राहिली.

"हाऊ इज ही नॉट रनिंग आऊट ऑफ ब्रेथ?" ती हळूच म्हणाली.

मी तिला खूण केली, ऐक.